दुसरं बोलावणं

पहिल्या वेळी भोपाळचं बोलावणं आलं तेव्हा अम्मीनं पोळ्या कुस्करून गूळ-तुपाचा मलिदा केला आणि धामणगावच्या आमच्या गल्लीत घरोघर वाटला. दुसऱ्या वेळी तिनं तसाच खाकी लिफाफा पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तिला तरी काय बोल लावायचा! पहिल्या बोलावण्याला मी गेलो होतो आणि सहाव्या दिवशी हात हलवत परत आलो होतो. मलिदा ज्या ज्या घरी गेला होता त्या त्या घरून कुणी ना कुणी येऊन "काय झालं बे शब्बीर?" असं विचारून गेलं. अडतीतला हमाल, गिरणीवाला, माझे जुने मास्तर, कुणी म्हणून सोडलं नाही. पुढं महिनाभर मला बाजारात जायचं असलं तर मी मागच्या बोळातून जात होतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सैन्यात अफसर व्हायचं तर आधी लेखी परीक्षा असते आणि ती पार पडली की भोपाळला निवडीच्या बोर्डापुढं पाच दिवस काढावे लागतात. तिथं पुस्तकातलं फारसं विचारत नाहीत. हा पोरगा अफसर व्हायच्या घडणीचा आहे का, एवढंच पाहतात. नाव जाऊन छातीवर नंबर येतो. पडद्यावर एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात, अशी अकरा चित्रं; बारावं नुसतं कोरं. मग फळ्या, दोर आणि रिकामे ड्रम देऊन सगळ्यांना मिळून खड्डा ओलांडायला लावतात. शेवटच्या दिवशी ओळीनं बसवून निवडलेल्यांचे नंबर पुकारतात, आणि उरलेल्यांना गाडीत बसवून स्टेशनवर सोडून देतात. का नाही घेतलं ते सांगत नाहीत. त्या वेळी माझ्या तुकडीतून दोन नंबर पुकारले गेले होते. माझा नंबर त्या दोन्हींच्या मधला होता, त्यामुळं पहिला पुकारल्यावर मी अर्धवट उठलोही होतो.

मी कुठं कमी पडलो हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आमच्या गावात एका माणसाला ते पक्कं ठाऊक होतं. किसन हवालदार म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन आलेला, वरच्या आळीतला, पांढऱ्या मिशांचा गडी. अफसर हा प्राणी जवळून पाहिलेला गावातला तो एकटाच. मला शाळेत असल्यापासून मोताळ्याच्या रस्त्यावर पळवणारे तेच आणि हे खूळ माझ्या डोक्यात भरवणारेही तेच. परत आल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून बाराही गोष्टी जशाच्या तशा सांगायला लावल्या. मी सांगत गेलो आणि त्यांची मिशी खाली खाली येत गेली.

"अबे, पोरगं पान्यात बुडून राह्यलं, अन् तुहा हिरो काठावरच्यायले इचारत बसला, कोनाले पोहता येते म्हनून?"

"काका, त्याले सोताले पोहता येत नोतं."

"मंग असा हिरो घेतलाच काऊन तू?"

"मले बी पोहता येत नाही."

हवालदारकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी एकेक गोष्ट बोटावर मोजून दाखवली. विहीर ढासळते, तर माझा नायक सरपंचांना विचारायला जातो. आग लागते, तर शेजाऱ्यांना गोळा करून पाणी कुठून आणायचं ते विचारतो. कोऱ्या चित्रावर मी एका पोराची गोष्ट लिहिली होती. त्याला दोन नोकऱ्यांची दोन पत्रं येतात, म्हणून तो आधी बापाला विचारतो, मग आईला, मग चुलत्याला. चार मिनिटं संपल्याची घंटा झाली तेव्हा तो मास्तरांच्या दारात उभा होता. "सारे नुसते इचारतच फिरून राह्यले तुह्या गोष्टीत," हवालदारकाका म्हणाले. "अशायच्या हाती कोन देईन पलटन?"

मला फार राग आला होता, पण त्यांचं खोटं नव्हतं आणि ही सवय मला कुठून लागली तेही मला ठाऊक होतं. आमचं घर पिंजाऱ्याचं. ओसरीत आढ्याला दोरानं टांगलेली अब्बांची कापूस पिंजायची मोठी कमान, तिला ताणलेली तांत, आणि तिच्यावर लाकडी मोगरी पडली की निघणारा धुन्न-धुन्न आवाज, ह्यातच आमचा जन्म गेला. कापूस उडून सगळीकडं बसायचा. अम्मी वरणाच्या पातेल्यावर दोन-दोन ताटल्या झाकायची, तरी जेवताना जिभेवर एखादा तंतू यायचाच, आणि पाहुणे तो हळूच बोटानं काढून मांडीला पुसायचे. कळण्याच्या भाकरीबरोबर तिखटजाळ ठेचा आणि त्यावर कापूस, हे आमचं रोजचं जेवण. आता गावात पिंजायचं यंत्र आहे आणि गाद्या तर फोमच्या आल्या. माझ्या सुनेनं हौसेनं तशी एक आणली आहे. तिच्यावर मला झोप येत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

अब्बांचा कामाचा एक रिवाज होता. लग्नघरी गादी भरून झाली की ते लगेच टाके घालायचे नाहीत. गादी अंगणात पसरायचे आणि त्या घरातल्या लहानथोर सगळ्यांना तिच्यावर बसायला, लोळायला लावायचे. म्हाताऱ्याला टणक हवी असायची, पोरांना मऊ, आणि नव्या सुनेला काय हवं ते ती सासूच्या कानात सांगायची. अब्बा प्रत्येकाचं ऐकून इकडून मूठभर कापूस काढत, तिकडं घालत, पुन्हा विचारत. निजणाऱ्याला विचारल्याशिवाय सुई लावायची नाही, हा त्यांचा कायदा. लोक थट्टा करायचे, की हा पिंजारी गादी भरतो का पंचायत भरवतो. पण तालुक्याबाहेरूनही त्यांनाच बोलावणी यायची. घरातही तेच चालायचं. माझ्या सदऱ्याचं कापड घ्यायचं तर मला, अम्मीला, वर रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसालाही दाखवून घ्यायचे. मी त्यांची मोगरी कधी हातात धरली नाही, शिकलो-सवरलो, इंग्रजीत गोष्टी लिहायला लागलो. पण गोष्टीतला पोरगा पिंजाऱ्याचाच निघायचा.

तर असं ते दुसरं बोलावणं. लेखी परीक्षा मी पुन्हा कधी दिली हे मी घरात धड सांगितलंही नव्हतं. वयाची अट पाहता हे शेवटचंच होतं, पुढच्या खेपेला मी बसूच शकलो नसतो. आणि नेमकं बोर्डाच्याच आठवड्यात बुलढाण्याला बी.एड.च्या प्रवेशासाठी कागद घेऊन हजर राहायचं होतं. तीनच जागा उरल्या होत्या आणि यादीत माझं नाव तिसरं होतं. मी गेलो नाही तर चौथा टपून बसलेला. एका बाजूला हातात आलेली मास्तरकी आणि दुसऱ्या बाजूला बारा चित्रं. कोणीही शहाणा माणूस अर्ध्या तासात काय ते ठरवून मोकळा झाला असता. मी तीन आठवडे घेतले.

पहिला आठवडा हवालदारकाकांनी खाल्ला. त्यांनी स्वतः बसून बारा नवीन गोष्टी जमवल्या आणि मला पाठ करायला लावल्या. कुठलंही चित्र दाखवलं तरी त्यातली एखादी बसवता येईल अशी त्यांची योजना. त्या गोष्टींतला नायक जबरदस्त होता. धूर दिसला की उडी, चोर दिसला की झडप, पूर आला की दोर. मी ओसरीत येरझाऱ्या घालत त्या इंग्रजीतून घोकायचो आणि अब्बा कमान थांबवून ऐकायचे. एकदा म्हणाले, "आपल्या भाषेत सांग बरं एखादी." मी पुराची सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "ह्या पोराले घरी कोनी नाही का?"

"आहेत ना."

"मंग दिसत काऊन नाहीत?"

"अब्बा, चारच मिनिटं भेटतात लिव्हाले."

"मायले सांगून निंघाले किती टाइम लागते?" असं म्हणून त्यांनी मोगरी उचलली, आणि मला त्या दिवसापासून पुराची गोष्ट धड पाठ म्हणता येईना. मधेच त्या पोराची आई दिसायची, चुलीपाशी बसलेली, ह्याला कुठं गेला म्हणून शोधणारी.

माझा गोंधळ तिथूनच वाढला. माझ्या गोष्टी लिहिल्या तर बोर्डवाले पुन्हा घरी पाठवणार. हवालदारकाकांच्या लिहिल्या आणि निवड झाली, तर निवडलेला तो कोण? वर्दी घालून उभा मी राहणार, आणि खरोखरचा पूर आला की काठावर उभा राहून पोहता कुणाला येतं म्हणून विचारणार. बरं, हवालदारकाकांचंच चुकलं असेल तर? कदाचित माझ्या गोष्टी बोर्डाला आवडल्याही असतील आणि माझं इंग्रजी नडलं असेल, नाहीतर त्या फळीवरून मी दोनदा पडलो ते. ज्याचं उत्तर का चुकलं हे कुणी सांगितलंच नाही, ते गणित सुधारायचं कसं? पुढं बत्तीस वर्षं मी मास्तरकी केली. पोराला नापास करायचं तर कुठं चुकलं ते वहीत लिहिल्याशिवाय मी कधी लाल रेघ मारली नाही, त्याचं मूळ ह्या तीन आठवड्यांत आहे.

मी विचारत सुटलो. जुने मास्तर म्हणाले, हातातली जागा सोडू नकोस. अडतीतला हमाल म्हणाला, जा रे, निदान फुकटात भोपाळ पुन्हा पाहून येशील. एक दिवस अब्बांचं रोहिणखेडला लग्नघरचं काम होतं, मी कापसाची गासडी घेऊन बरोबर गेलो. परत येताना एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर बसलो होतो. अब्बांच्या भुवयांवर, कानांत, टोपीवर पांढरं पांढरं बसलेलं. मी विचारलं, "अब्बा, जाऊ का नको?"

"तुले काय वाटते?"

"थेच समजून नाही राह्यलं."

त्यांनी कानातला कापूस बोटानं काढला. मग म्हणाले, "माह्या मनचं इचारतं तं बी.एड. कर. घरापाशी राहशीन. पन माह्या मनचं करू नको." असं कुठं असतं का? मला त्यांचा संताप आला. घरी येऊन अम्मीला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊन ये बापा. नाही गेला तं जलमभर मनात राहीन, अन् मंग माह्यावर चिडत बसशीन." एक जा म्हणतं, एक जाऊ नको म्हणतं, आणि दोघंही माझ्यावर सोपवून मोकळे. त्या आठवड्यात मी तीनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. तिसऱ्यांदा अम्मीनं तिच्यात दुधातल्या दशम्या आणि जवसाची चटणी बांधून ठेवली, मग ती काढून ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून मी मलकापूरला जाऊन गाडी धरली.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अम्मी-अब्बा गेले, हवालदारकाका गेले. बायकोला वाटतं की मी बोर्डापुढं दोनदा बसलो, पोरांनाही तसंच वाटतं.

भोपाळला मी सकाळी उतरलो. मागच्या वेळेसारखाच स्टेशनबाहेर फौजेचा ट्रक उभा होता. चाळीसेक पोरं आपापल्या ट्रंकांवर बसलेली, इस्त्रीचे शर्ट, ताजी केलेली दाढी. एक हवालदार हातात यादी घेऊन नाव पुकारत होता. ज्याचं नाव येई तो "हजर" म्हणून पत्र दाखवी आणि ट्रकमध्ये चढे. मी दहा-बारा पावलांवर, चहाच्या गाड्यापाशी होतो. हातात कप. जायचं नाही असं मी काही ठरवलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. फक्त ट्रकमध्ये चढण्यापूर्वी कुठल्या बारा गोष्टी घेऊन चढायचं एवढं नक्की करायचं होतं, आणि चहा संपेपर्यंत ते होईल असं वाटत होतं. तेवढ्यात माझं नाव आलं. मी कप तसाच धरून राहिलो. त्यानं पुन्हा पुकारलं. ट्रकमधली एक-दोन पोरं मान वळवून इकडंतिकडं पाहू लागली. मला वाटत होतं, कुणीतरी मागून पाठीत धक्का द्यावा, "जा बे" म्हणावं. चहावाल्यालासुद्धा मी विचारलं असतं; जीभ हलली असती तर विचारलंच असतं. तिसऱ्यांदा नाव पुकारून त्यानं यादीवर फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं. थोड्या वेळानं ट्रक गेला. अम्मीचं ऐकून मी भोपाळपर्यंत गेलो आणि अब्बांचं ऐकून आत गेलो नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आलो. पण ते काही खरं नाही. मी कुणाचंच ऐकलं नाही आणि स्वतःचंही नाही. त्या दिवशीइतकी माझी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

लगेच घरी जायची सोय नव्हती. नापास व्हायलासुद्धा पाच दिवस लागतात. ते मी एका मुसाफिरखान्यात काढले. सकाळी तलावाच्या काठी जाऊन बसायचं, दशमी खायची, आत आता चित्रं चालली असतील, आता फळ्या चालल्या असतील, असा हिशेब करायचा. शेवटच्या दिवशी तर मी नंबर पुकारण्याची वेळ होईपर्यंत घड्याळ पाहत बसलो, जणू माझाही निकाल लागायचा होता. तिकडं बुलढाण्यात यादीतला चौथा केव्हाच तिसरा झाला होता; मला बी.एड.साठी आणखी एक वर्ष थांबावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती आणि अब्बा पिंजत होते. मी दारात पिशवी ठेवली तशी कमान थांबली. अम्मी आतून पाणी घेऊन आली, माझ्या तोंडाकडं पाहून काही न विचारता परत आत गेली. "नाही झालं, अब्बा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. समोरचा कापसाचा ढीग हातानं सारून मला बसायला जागा केली. गल्लीतले लोक यायच्या आत मला कुठंतरी लपवावं, असं त्यांच्या मनात होतं बहुतेक. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्या खेपीले बी चित्रं दाखवले असतीन."

"हाव."

"एखादं सांग."

मला काय सुचणार? माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. म्हणालो, एक स्टेशन होतं. बाहेर एक ट्रक उभा आहे, पोरं चढताहेत. बाजूला एक पोरगा हातात चहाचा कप घेऊन उभा आहे.

"मंग काय लिव्हलं तू?"

"त्याचं नाव पुकारते, अब्बा. पन त्याले समजतच नाही, जावं का राहावं. तीन डाव पुकारते. मंग ट्रक निंघून जाते."

"अन् थो?"

मी त्यांच्याकडं न पाहता बोलत होतो. "थो कप फेकते अन् ट्रकच्या मागं पयते. लय पयते. पार चौकापोतर. आतले पोरं हात देतात, अन् चढते."

अब्बा माझ्याकडं टक लावून पाहत होते. "कोनालेच इचारलं नाही त्यानं?"

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले. "तिथं कोन होतं त्याचं, इचाराले." मग त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणावर असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "हे तं मस्त गोष्ट आहे! ह्याच्यात काय खोट काढली त्यायनं? असा पोरगा नाही पाहिजे तं मंग कसा पाहिजे त्यायले?"

"माहीत नाही, अब्बा."

"त्यायले मानसाची पारख नाही," असं म्हणून ते उठले, टोपी झटकली आणि दाराकडं तोंड करून अम्मीला हाक मारली. "अवं, बाहीर ये. आयक ह्यानं काय लिव्हलं थे. सांग रे, पयल्यापासून सांग."

अम्मी पदराला हात पुसत उंबऱ्यात येऊन बसली. मी पुन्हा सुरुवात केली. ह्या खेपेला त्या पोराचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं पहिल्याच हाकेला कप खाली ठेवला आणि "हजर" म्हणाला.